मेन बंद आहे, असं मी म्हणाले होते

फेब्रुवारी लागला की आमच्या कार्यशाळेत कडुनिंबाची पिवळी पानं येऊन पडायला लागतात. खिडक्यांची तावदानं मी रुजू होण्याआधीच फुटलेली आहेत आणि ती बसवावीत म्हणून मी केलेले अर्ज एकावर एक ठेवले तर खिडकी तेवढ्यानंच बुजेल. पानं टेबलावर पडतात, मोटारीच्या पंख्यात अडकतात, पोरांच्या जर्नलमध्ये शिरतात. झाडणाऱ्या मावशी रोज सकाळी वैतागतात, त्यांच्यामागून मी वैतागते. मग बोर्डाचं पत्र येतं, बारावी व्होकेशनलच्या प्रात्यक्षिक परीक्षांच्या तारखा कळतात, आणि वर्षभर कधी न दिसलेली तोंडं कार्यशाळेच्या दारात उभी राहतात. "मॅडम, जर्नल कधी द्यायचं?" वर्षभर काय केलंस, असं विचारलं की तोंड असं करतात, जणू मीच काहीतरी वावगं बोलले.

मी इलेक्ट्रिकल शिकवते. व्होकेशनलच्या पोरांना तारा जोडायला, मोटार चालवायला, फ्यूज बांधायला शिकवते. हे सांगितलं की लोक आधी माझ्या साडीकडे बघतात आणि मग घरातला बंद पडलेला मिक्सर आठवून खूश होतात. एवढ्या वर्षांत मी किती मिक्सर उघडले असतील त्याला गणती नाही. पिशोरला गावी गेले की तिथं विहिरीवरची मोटार माझी वाटच बघत असते. आमचे अण्णा, म्हणजे वडील, अद्रकीच्या वाफ्यातून हात पुसत येतात आणि म्हणतात, "तू आलीच हायेस तर जरा स्टार्टर बघ." एवढ्या लांबून पोरगी आली, तिला चहा तरी द्यावा, हे आई म्हणेपर्यंत मी विहिरीवर पोचलेली असते. शाळूचा हुरडा मला तिथंच, हातात पक्कड असताना, कुणीतरी तळहातावर आणून द्यायचं. भाजलेल्या कणसाचा आणि तापलेल्या वार्निशचा वास माझ्या नाकात एकमेकांत मिसळून बसला आहे तो असा.

पण हा महिना आला की मला विहीर आठवत नाही, हुरडा आठवत नाही. मला नोकरीतल्या दुसऱ्याच वर्षीची परीक्षा आठवते आणि अमजद आठवतो.

त्याआधी मी या शाळेत कशी आले ते सांगायला हवं. शहराचं नाव तेव्हा औरंगाबादच होतं. डिप्लोमा झाल्यावर मी वाळूजच्या एका कारखान्यात लागले. तिथं मोठमोठे विजेचे पॅनल बनायचे, म्हणजे लोखंडी कपाटांसारखे सांगाडे आणि त्यांच्या पोटात तारांचं जंजाळ. आमच्या खात्यात बाई मी एकटीच. बजाजनगरात दोघी मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहायचे, सकाळच्या पाळीला सायकलवर जायचे. काम मला आवडायचं. तारा सरळ रेषेत, एकाच मापानं वळवलेल्या, एकीवर एक न चढणाऱ्या. पॅनलचं दार उघडून आत बघितलं की मला नीट विंचरलेले केस बघितल्यासारखं वाटायचं.

तिथून मी दोन वर्षांनी बाहेर पडले आणि तासिका तत्त्वावर, म्हणजे तासामागे मोबदला घेऊन शिकवणाऱ्यांत, या शाळेत आले. घरच्यांना वाटलं पोरगी शहाणी झाली, कारखान्यापेक्षा मास्तरीण बरी. शाळेतल्या बायकांना वाटलं लग्न ठरत असेल. मी कुणालाच काही सांगितलं नाही. का सोडलं, हे मी पुढं कितीतरी वर्षं कुणालाच सांगितलं नाही.

शाळेत आल्यावर पहिल्या आठवड्यात मी पोरांची जर्नलं मागवली. काय सुंदर जर्नलं होती. जिन्याच्या दिव्याची आकृती लाल-निळ्या शाईत, खाली उद्देश, साहित्य, कृती, निष्कर्ष. मी एका मुलाला म्हटलं, हे वायरिंग करून दाखव. तो हसला. त्याला वाटलं मी गंमत करते आहे. करायचं नसतं मॅडम, लिहायचं असतं, असं त्यानं मला समजावून सांगितलं. वर्गातल्या निम्म्या पोरांनी टेस्टर हातात धरलेला नव्हता. ज्यांनी धरला होता त्यातल्या एकानं टेस्टरनंच पाठ खाजवून दाखवली.

सामान नव्हतं असंही नाही. सामान होतं, स्टोअरमध्ये, कुलपात. स्टोअर बघायचे भालेराव. सज्जन माणूस, कपाळाला गंध, खिशाला दोन पेनं. वायरची बंडलं, होल्डर, स्विच, एक कोरी करकरीत मोटारसुद्धा त्यांच्याकडे होती, खोक्यातून कधी न काढलेली. मी मागितली की ते मला रजिस्टर दाखवायचे. त्यात त्या मोटारीची नोंद होती आणि ती मोटार नोंदीप्रमाणे जागेवर होती. यापलीकडे मोटारीनं आणखी काय करावं, असा त्यांना प्रश्न पडायचा. बिघडली तर जबाबदार कोण, असं ते विचारायचे. मी म्हणायचे, मी. ते म्हणायचे, तसं लिहून द्या. मी लिहून द्यायचे. मग ते म्हणायचे, यावर प्राचार्यांची सही पाहिजे. प्राचार्य म्हणायचे, मॅडम, आजवर कुणी मोटार मागितली नव्हती हो. त्यांच्या आवाजात तक्रार नसायची, खरीखुरी काळजी असायची, आणि त्या काळजीनं माझं डोकं जास्त उठायचं.

मोटार शेवटी दुसऱ्या वर्षी बाहेर निघाली. पोरांनी मिरवणुकीसारखी उचलून आणली, टेबलावर बोल्ट मारून बसवली, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की ती थ्री-फेजची आहे आणि कार्यशाळेत थ्री-फेज लाइनच नाही, म्हणजे ती चालणारच नाही. हे मला आधी कळायला हवं होतं. मी त्या दिवशी भालेरावांशी बोलले नाही, कारण चूक माझी होती, आणि स्वतःवर आलेला राग काढायला तेच समोर होते.

अमजद मला त्याच वर्षी भेटला. त्याच्या वडिलांचं पंखे आणि मोटारी वाइंडिंग करून द्यायचं दुकान होतं. पोरगा चालायला लागला तो तांब्याच्या तारांत. उंच, सडपातळ, शर्टाच्या खिशाला कायम वंगणाचा डाग. जर्नल त्याचं सगळ्यात घाण आणि हात सगळ्यांत साफ. होल्डर खोलून, तार सोलून, गाठ मारून, बंद करून ठेवेपर्यंत बाकीची पोरं स्क्रू शोधत असायची. माझं अर्धं शिकवणं त्या वर्षी त्यानंच केलं. मी एका टेबलावर असले की दुसऱ्या टेबलावर तो असायचा, "अबे, असं नाय, उलटं पकड," असं करत. मी त्याच्यावर विसंबायला लागले होते. वाळूजच्या एका कंपनीनं शिकाऊ उमेदवार म्हणून आमच्या शाळेतून एक मुलगा मागितला होता, बारावी पास झालेला. प्राचार्यांनी मला विचारलं, मी अमजदचं नाव दिलं. त्याचे वडील शाळेत येऊन बसले होते, हातात टोपी धरून. दुकान आपल्याबरोबर संपलं तरी चालेल, पोराला कंपनी मिळू दे, असं ते मला म्हणाले.

एकच गोष्ट अमजद ऐकत नव्हता. माझा एक नियम होता. कुठल्याही तारेला हात लावण्याआधी टेस्टरनं तपासायचं. आधी टेस्टर चालू असलेल्या सॉकेटवर लावून तो ठीक आहे का बघायचं, मग कामाच्या जागी लावायचा, मगच बोट. मेन स्विच बंद असला तरी. मित्रानं सांगितलं, मालकानं सांगितलं, खुद्द मी सांगितलं तरी. हे मी फळ्यावर कोपऱ्यात लिहून ठेवलं होतं आणि पुसू नका असं शेजारी लिहिलं होतं. पोरं कंटाळून गेली होती. माझी नक्कल करायची. मी ऐकलं आहे, अगदी माझ्यासारखा हात कमरेवर ठेवून एक जण म्हणत होता, "बोट कधी लावायचं? मॅडम मेल्यावर." अमजद हसून टाळायचा. दुकानात लहानपणापासून करतो ना मॅडम, म्हणायचा. त्याच्या बोटांना वीज कळते, असं त्याला खरंच वाटत असावं.

डिसेंबरात मी वर्गात जाहीर केलं की प्रात्यक्षिक परीक्षेत जो न तपासता हात लावेल त्याला त्या कामाचे गुण मिळणार नाहीत. मग काम कितीही सुंदर असो. हे मी तीनदा सांगितलं. तीनदा सगळ्यांनी हो म्हटलं.

परीक्षेच्या आदल्या आठवड्यात मी जी चिडचिड केली ती आठवून आता मला त्या पोरांची दया येते. वायर कमी पडत होती. पक्कडी पाच आणि पोरं चोवीस. प्राचार्यांनी मला बोलावून प्रेमानं सांगितलं की बाहेरचे परीक्षक जेवून साधारण तासाभरात निघतात, तेव्हा एक तयार बोर्ड ठेवला तरी पुरेल, प्रत्येकानं करून दाखवण्याची पद्धत नाही. मी म्हटलं, प्रत्येक जण करून दाखवेल. ते म्हणाले, नापास झाले तर? मी म्हटलं, मग नापास होतील. असं बोलून मी केबिनच्या बाहेर आले. मी अजून कायमसुद्धा नव्हते.

परीक्षेच्या दिवशी सकाळीच ऊन तापायला लागलं होतं. परीक्षक दुसऱ्या जिल्ह्यातून आले होते, पिकल्या मिशांचे, थकलेले गृहस्थ. दुपारची एसटी गाठायची आहे, हे त्यांनी नमस्काराबरोबरच सांगून टाकलं. पहिली आठ पोरं आपापल्या लाकडी बोर्डासमोर उभी राहिली. जिन्याचा दिवा जोडायचा होता, म्हणजे खालच्या बटणानं लावला तर वरच्या बटणानं विझला पाहिजे. प्रत्येक टेबलावर एक पुरवठ्याचा डबा होता, त्यात मेनकडून आलेल्या तारा. मी भिंतीवरचा मेन स्विच खाली ओढला, मागं वळले आणि म्हणाले, "मेन बंद आहे. सुरू करा."

पोरांनी टेस्टर काढले. कुणी भीतभीत, कुणी मला दाखवायला जरा जास्तच उंच धरून. अमजदनं डब्याचं झाकण उघडलं आणि दोन्ही उघड्या तारा सरळ बोटांत धरून पिळल्या.

मी त्याच्या मागंच उभी होते. "थांब," म्हटलं. तो थांबला नाही, त्याला वाटलं दुसऱ्या कुणाला म्हणते आहे. मग मी त्याच्या खांद्याला हात लावला.

तरी त्याचं काम मी पूर्ण होऊ दिलं. दिवा लागला, विझला, आठांत पहिला. परीक्षकांनी त्याच्या बोर्डाला हात लावून बघितला आणि म्हणाले, असं काम हल्ली कंपनीतले लोकही करत नाहीत. मी गुणपत्रिकेवर त्याच्या नावासमोर त्या कामाचे गुण शून्य मांडले. तेवढ्यानं तो प्रात्यक्षिकात नापास होत होता.

त्यानंतरचा एक तास माझ्या आयुष्यातला सगळ्यात वैतागाचा होता. परीक्षकांना आधी वाटलं आकडा लिहायचा राहिला आहे. मग त्यांना मी सगळं सांगितलं. ते हसले. अहो, पण मेन बंद होता ना, असं त्यांनी मला चार वेळा चार प्रकारे विचारलं. बंद होता, मीच केला होता. मग धोका कुठं होता? धोका नव्हता. मग मॅडम, शून्य कशाचं? मी सांगत राहिले, तपासलं नाही त्याचं. त्यांनी घड्याळ बघितलं. प्राचार्य आले. त्यांनी मला बाजूला घेऊन कंपनीची आठवण करून दिली, शाळेच्या नावाची करून दिली, आणि मग अगदी हळू आवाजात माझ्या नेमणुकीची करून दिली. भालेरावसुद्धा दारात येऊन उभे राहिले होते. मी सही करायला तयार होते, आकडा बदलायला नव्हते. शेवटी परीक्षकांनी पेन उघडलं, माझ्याकडे न बघता सही केली आणि म्हणाले, "पोराचं वर्ष घेतलं तुम्ही."

अमजद बाहेर कडुनिंबाखाली उभा होता. त्याला कुणीतरी आतून सांगितलंच होतं. तो रडत नव्हता, चिडलेलाही नव्हता. त्याला खरोखर कळत नव्हतं.

"बंदच होता ना मेन?" तो म्हणाला. "तुम्हीच बोलल्या, मॅडम. तुमच्यावर भरोसा नाय ठेवायचा, तर कुणावर ठेवायचा?"

मी त्याला बरंच काही सांगितलं. विजेबद्दल, सवयीबद्दल, कारखान्यात काय होतं त्याबद्दल. शिस्तीबद्दलही बोलले असेन. तो ऐकत होता, म्हणजे माझ्या तोंडाकडे बघत होता. मग "जाऊ का?" असं विचारून गेला. मी कार्यशाळेत परत आले आणि उरलेल्या सोळा पोरांची परीक्षा घेतली. त्या सोळांनी इतक्या वेळा टेस्टर लावला की परीक्षकांची एसटी चुकली.

जे मी त्याला सांगितलं नाही ते असं होतं.

कारखान्यात आमच्या खात्यात नारायणदादा होते. पैठणकडचे, चाळिशीचे, मला तारा वळवायला त्यांनीच शिकवलं. मला ताई म्हणायचे, मी त्यांच्या निम्म्या वयाची असून. एकदा तयार पॅनलची चाचणी चालली होती. शेजारी शेजारी दोन सारखेच पॅनल, दोन्हीत वीज सोडलेली. एकाच्या आत एक बोल्ट ढिला वाटला म्हणून दादा पाना घेऊन वाकले. "ताई, बंद केलं का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "व्हय, केलं." केलं होतं. शेजारच्या पॅनलचं.

मोठा आवाज झाला आणि निळा उजेड. मला आवाजापेक्षा वास आठवतो. दादा वाचले. उजव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं पुन्हा कधी नीट मिटली नाहीत.

चौकशी झाली. साहेबांनी दादांना विचारलं तेव्हा ते म्हणाले की तपासायचं माझंच राहिलं, चूक माझी. मग मला विचारलं, तुम्ही कुठं होता? मी म्हटलं, जवळच होते. त्यापुढं मी काही बोलले नाही. कागदावर तेवढंच लिहिलं गेलं. दादांना गेटवर नोंदी करायच्या कामाला बसवलं, डाव्या हातानं. मी बजाजनगरात त्यांच्या खोलीवर भेटायला गेले. वहिनींनी चहा केला, त्यांना काहीच माहीत नव्हतं. दादांनी मला माफी मागूच दिली नाही. म्हणाले, "तू सांगितलंस आन् म्या खरं मानलं. ही माझीच चूक हाय ना, ताई." तो मोठेपणा होता, हे मला तेव्हाही कळत होतं. पण मी ते वाक्य तसंच्या तसं उचललं, शाळेत घेऊन आले आणि त्याचाच नियम करून फळ्याच्या कोपऱ्यात लिहून टाकला. सांगणाऱ्यावर विश्वास ठेवणाऱ्याची चूक. सांगणारीची काही नाही. किती सोयीचा नियम होता तो.

हे मला त्या वर्षी कळलं नव्हतं. त्या वर्षी मला फक्त राग येत होता. प्राचार्यांचा, परीक्षकांचा, अमजदच्या बोटांचा. पुढं ऑक्टोबरच्या परीक्षेला तो आला, मुकाट्यानं तपासलं, जोडलं, पास झाला. तोवर कंपनीनं दुसऱ्या शाळेतला मुलगा घेतला होता. अमजद वडिलांच्या दुकानात बसला. माझी नेमणूक काही गेली नाही, उलट दोन वर्षांनी मी कायम झाले. गुणांत तडजोड न करणारी बाई म्हणून माझं नाव झालं. लोक कौतुक करायचे आणि मला ते कौतुक पायात रुतलेल्या काचेसारखं वाटायचं.

पाच-सहा वर्षांनी मी गुलमंडीला भाचीच्या परकराचं कापड घ्यायला गेले होते. असाच फेब्रुवारी, उन्हाला चटका, काही दुकानांबाहेर रंगांच्या गोण्या लागायला सुरुवात झालेली. ज्या दुकानात शिरले तिथं अर्धे दिवे गेलेले आणि शिडीवर एक माणूस. त्यानं खाली मालकाला विचारलं, मेन बंद केला का? मालक म्हणाला, केव्हाच केला. शिडीवरच्या माणसानं खिशातून टेस्टर काढला, शेजारच्या दुकानातून तार ओढून आणलेल्या सॉकेटवर लावून बघितला, मग वरच्या तारेला लावला, मग दुसऱ्या तारेला, आणि मगच बोट नेलं. मी कापडाकडे बघायचं विसरले. खाली उतरला तेव्हा दाढी वाढलेली, अंग भरलेलं, पण खिशाला डाग तोच.

"सलाम, मॅडम," तो म्हणाला. मग त्यानं मला चहा पाजला, दुकानासमोरच, उभ्यानंच. आता तो स्वतः घरांच्या, दुकानांच्या वायरिंगची कामं घेत होता. दोन मुली होत्या. वडील वारले होते. मी म्हटलं, तपासून हात लावलास, बघितलं मी. मला वाटतं मी त्याच्याकडून काहीतरी ऐकायची वाट बघत होते. शिक्षकांना ही खोड असते.

त्याला ते कळलं असावं. कपातला चहा गोल फिरवत तो शांतपणे म्हणाला, की आता तपासतो, सवय लागली, ती तुमच्यामुळंच. पण तुमचं बरोबर होतं असं मी नाय म्हणणार. अब्बांना त्या वर्षी मी काय तोंड दाखवलं ते मलाच ठाऊक. मेन बंद होता, तुम्ही म्हणाल्या म्हणून हात लावला, आणि तुम्हीच नापास केलं. हे मला आजपण पटत नाय, मॅडम.

आणि मग गुलमंडीत, सायकली आणि हातगाड्यांच्या गर्दीत, हातात कापडाची पिशवी घेऊन मी त्याला नारायणदादांची सगळी गोष्ट सांगितली. आधी कुणालाच सांगितली नव्हती. शेजारचं पॅनल, निळा उजेड, वास, चौकशी, मी काय बोलले आणि काय बोलले नाही. सांगताना त्याच्याकडे बघता येईना, म्हणून समोरच्या दुकानातल्या रंगीत दुपट्ट्यांकडे बघत होते.

चहावाल्यानं कप मागितले तेव्हा त्यानं दोन्ही परत दिले.

"हे तेव्हा वर्गात सांगायचं होतं," अमजद म्हणाला. "मी तपासलं असतं."

एवढंच म्हणाला, आणि वर काम राहिलं होतं म्हणून शिडीकडे गेला.

मी रिक्षा न करता चालत निघाले. डोकं नुसतं भणभणत होतं. त्याच्यावर चिडावं असं काही तो बोलला नव्हता, आणि तरी मी रस्ताभर चिडत होते. कितीदा सांगितलं होतं, फळ्यावर लिहिलं होतं, तीन तीनदा बजावलं होतं. घरी पोचेपर्यंत एवढं मात्र कळलं होतं की जे सांगायला हवं होतं ते सोडून मी सगळं सांगितलं होतं. एका पोराचं वर्ष माझ्या गप्प बसण्यात गेलं होतं, आणि त्याआधी एका माणसाचा हात. पुढच्या रविवारी मी बजाजनगरात गेले. नारायणदादा खोली सोडून गावी गेले होते. गाव कुठलं, ते शेजाऱ्यांना नीट सांगता आलं नाही. पैठणकडचं, एवढंच, आणि तेवढं मलाही माहीत होतं.

जूनमध्ये नवी तुकडी आली. पहिल्या दिवशी मी नेहमी हजेरी घ्यायचे आणि मग नियम सांगायचे. त्या दिवशी हजेरीपट मिटूनच ठेवला. टेबलाच्या पुढं येऊन उभी राहिले आणि म्हटलं, मी कारखान्यात होते तेव्हा माझ्याकडून एक चूक झाली. पोरं खुर्च्या सरकवत होती, मागं कुणीतरी हसत होतं. हळूहळू ते थांबलं. मी सगळं सांगितलं, चौकशीसकट.

सांगून झाल्यावर मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. कन्नडकडचा असावा, बोलण्यावरून. मी त्याला नावानं ओळखतही नव्हते.

"मॅडम," तो म्हणाला, "मंग तुमी सायबाला खरं काऊन नाय सांगितलं?"

मला शिकवायला लागून इतकी वर्षं झाली होती, पण माझ्या वर्गात कुणी मला विचारलेला पहिला खरा प्रश्न तो होता.

"भ्याले होते," मी म्हटलं.

त्यानं थोडा विचार केला. तो नीट विचार करत होता, ते दिसत होतं.

"म्या बी भ्यालो असतो," तो म्हणाला आणि खाली बसला.

मी हजेरीपट उघडला आणि पहिलं नाव घेतलं.